कोपऱ्यामागची खुर्ची

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. "ए," म्हणत, नाहीतर "चादरी आल्या," म्हणत, आणि तो उठे. तळघरातली ती खोली. एका भिंतीला कपडे धुण्याची मोठी यंत्रं, समोरच्या भिंतीला पाणी झटकणारी, आणि मधे वाफेचा रूळ. ओली चादर रुळाच्या एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. यंत्रं चालू असली की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू यायचं नाही. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. वर्षानुवर्षं ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की घरी तो "मीठ दे" म्हणाला तरी शेजारचे दचकायचे. बायको म्हणायची, "अहो, मी इथेच आहे, पलीकडच्या गल्लीत नाही."

पण ज्या आवाजाला घरात शिव्या बसत, त्याच आवाजाने त्याला चार माणसांत आणलं होतं.

शहरात पुलाच्या अलीकडे बॉक्सिंगचा एक क्लब होता आणि पलीकडे दुसरा. दोन्ही हौशी. जिंकणाऱ्याला पत्र्याचं पदक आणि हरणाऱ्याला बर्फाची पिशवी, एवढीच कमाई. पण अशा हौशी सामन्यांना कुणी कुठे बसायचं यावरून जेवढी मारामारी होते तेवढी रिंगमध्ये होत नाही. अलीकडच्या क्लबाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या असत. तिथे खर्च उचलणारे टाइल्सवाले शेठ, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर क्लबाचे जुने खेळाडू, पोट सुटलेले, पण बाही वर करून बसणारे. त्यांच्या मागे बाकांवर घरची माणसं. आणि पुलापलीकडून येणाऱ्यांची सोय संडासाच्या दारापाशी. दार उघडलं की वास त्यांच्याकडे, बंद झालं की धक्का त्यांच्या खुर्चीला.

या सगळ्यात एकच खुर्ची कुठल्याही रांगेत बसत नव्हती. ती लाल कोपऱ्याच्या बरोबर मागे, रिंगला खेटून असे. ती त्याची. तिथे बसताना तो क्लबाचं लाल जॅकेट घाले, आणि शेठसुद्धा जाता जाता म्हणत, "काय भोंगा, घसा तयार?" तळघरातला "ए" त्या संध्याकाळी भोंगा होई, आणि त्याला ते नाव पदवीसारखं वाटे.

ही खुर्ची त्याला उगाच मिळाली नव्हती. हौशी बॉक्सिंगचा नियम असा, की राउंड चालू असताना कोपऱ्यातल्या मास्तराने तोंडातून ब्र काढायचा नाही. काढला तर रेफरी ताकीद देतो, फारच झालं तर बाहेरचा रस्ता दाखवतो. प्रेक्षकांना मात्र बोंबलायची मोकळीक. मग अलीकडच्या मास्तरांनी शक्कल काढली. त्यांनी टॉवेल उजव्या खांद्यावर टाकला की भोंग्याने ओरडायचं, "पिळ!" म्हणजे खाली मार, पोटात, बरगड्यांत. टॉवेल डाव्या खांद्यावर गेला की "इस्त्री!" म्हणजे सरळ अंगावर जा आणि दाबत ने. टॉवेल गळ्यात आला की "चादर!" म्हणजे हात वर घे, तोंड झाक. नवखे लोक हसत. कुणीतरी लाँड्रीवाला पिऊन आलाय असं त्यांना वाटे. क्लबातली माणसं हसत नसत. पुलापलीकडच्यांना हे कोडं कधी सुटलं नव्हतं.

शब्द अर्थातच त्याचेच होते, आणि ते क्लबात नव्हे, घरात जन्मले होते. मुलगी लहान होती तेव्हा स्वयंपाकघरात तो उशी धरून उभा राही आणि ओरडे, आणि ती पोरगी शब्दागणिक उशीवर तुटून पडे. "चादर!" म्हटलं की दोन्ही मुठी गालांना. झोपेतून उठवून म्हटलं असतं तरी हात वर गेले असते. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "बापलेकीला कामधंदा नाही." पण तिलाही गंमत वाटायची.

पोरगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या कामाला लागली, आणि रोज संध्याकाळी क्लबात जाऊ लागली. मास्तर तिच्याकडून पाण्याच्या बाटल्या भरून घेत, दुसऱ्यांच्या सरावासाठी तिला मार खायला उभी करत, रिंगची जमीन पुसून घेत. सामना मागितला की म्हणत, "पुढच्या वेळी नक्की." पुढची वेळ आली की पुन्हा पुढची वेळ. मग शेठची पुतणी क्लबात आली. तिचे ग्लोव्हज अजून नव्याचा वास सोडत होते, तोच तिचं नाव पोस्टरवर झळकलं.

"बाबा, तुम्ही एकदा विचारा ना मास्तरांना," पोरगी म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"योग्य वेळ आली की विचारतो."

योग्य वेळ आपल्या पायांनी चालत येत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण विचारायचं म्हणजे शेठच्या पुतणीच्या आड यायचं, आणि शेठच्या आड येणाऱ्याची खुर्ची कुठे जाते हे त्याने पाहिलं होतं. संडासाकडे जाते. तेव्हा तो गप्प बसला. सगळ्या हॉलमध्ये ज्याचा आवाज सर्वांत मोठा, त्याच्या तोंडून पोटच्या पोरीसाठी एक वाक्य निघालं नाही.

एके दिवशी पोरगी पूल ओलांडून गेली. पलीकडच्या क्लबात एक निवृत्त कवायतीच्या बाई शिकवत. त्यांनी तिचं नाव विचारलं, वजन केलं आणि विचारलं, "कधी खेळतेस?"

घरी आकाशपाताळ एक झालं. "तिकडे गेलीस तर मला बाप म्हणू नकोस," तो गरजला. पोरगी "बरं" म्हणाली आणि ग्लोव्हज पिशवीत टाकून निघाली. त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. पोरगी समोर बसलेली असताना तो बायकोला म्हणे, "तिला सांग, पंखा बंद कर." पोरगी पंखा बंद करून आईला म्हणे, "त्यांना सांग, केला." बायको दोघांकडे बघून कपाळाला हात लावी.

आणि मग व्हायचं तेच झालं. पुढच्या सामन्यांचं पोस्टर लागलं. लाल कोपऱ्यात शेठची पुतणी, निळ्या कोपऱ्यात त्याची पोरगी.

मास्तर अगदीच बावळट नव्हते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "शब्द बदलूया का रे? तिला माहीत आहेत ना सगळे?"

त्याला ते झोंबलं. शब्द बदलले तर उरलं काय? नवे शब्द कुणीही ओरडू शकला असता. "कसले बदलताय," तो म्हणाला. "लहानपणीचा पोरखेळ होता तो. ती केव्हाच विसरली. उलट आपल्याच पोरी गोंधळतील."

शेठ बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "अहो मास्तर, तिचं काय घेऊन बसलात? पाणी भरायची ती इथे." सगळे हसले. तोही हसला. शब्द तसेच राहिले, आणि पाणी भरणारीला कान असतात हे त्या हुशार मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सामन्याच्या संध्याकाळी तो जॅकेट घालून लवकरच हॉलवर गेला. कपडे बदलायच्या खोलीत पुतणीच्या हातांना पट्ट्या बांधणं चाललं होतं. शेठ तिच्याजवळ उभे. त्याला बघताच म्हणाले, "काय भोंगा, आज वाजणार ना? की घरचं कार्य म्हणून मुका?"

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघू लागले. जुने खेळाडू दाराला टेकून गालात हसत होते. त्या नजरा त्याला नवीन नव्हत्या. तळघरात मुकादम अशाच नजरेने बघायचा.

"वाजणार," तो म्हणाला. "घसा फाटेस्तोवर वाजणार." तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण समोरच्या तोंडांवरचं हसू गेलं नव्हतं. मग तो मास्तरांना म्हणाला, "तिच्या डाव्या बरगडीवर घ्या. सरावात लागलंय तिला. डाव्या हाताने बादली उचलत नाही सध्या."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला म्हणतात आपला माणूस." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं अशी जगाची रीत आहे. या गृहस्थाने तीही उलटी करून दाखवली. आणि खरं सांगायचं तर, तो हात खांद्यावर होता तोवर त्याला फार बरं वाटलं.

हॉल भरला. संडासाच्या दारापाशी पुलापलीकडची माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यांच्यात मांडीवर पर्स घट्ट धरून त्याची बायको. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने जॅकेटची चेन वर ओढली.

पोरगी रिंगमध्ये आली तेव्हा अलीकडच्या रांगांतून आवाज उठला, "पाणी! ए, पाणी आण!" हॉल खदखदा हसला. हेडगार्डमधून तिचे फक्त डोळे आणि नाक दिसत होतं. तिने कुणाकडेच बघितलं नाही.

पहिल्या राउंडला घंटा वाजते न वाजते तोच पुतणीचा एक ठोसा डाव्या बरगडीवर बसला. पोरगी वाकली. तोंडातली रबराची पट्टी दिसेपर्यंत तिचा जबडा उघडला. तो खुर्चीवरून अर्धा उठला, खोटं कशाला सांगा. पण तेवढ्यात शेठने पहिल्या रांगेतून त्याला अंगठा दाखवला, आणि तो पुन्हा टेकला.

मास्तरांचा टॉवेल उजव्या खांद्यावर गेला.

"पिळ!" तो गरजला.

पुतणी खाली झुकून बरगडीकडे झेपावली. पण पोरीचं डावं कोपर आधीच खाली येऊन बसलं होतं, आणि वरून तिचा उजवा हात असा आला की पुतणीचं हेडगार्ड कपाळावरून सरकलं. योगायोग, त्याला वाटलं. टॉवेल पुन्हा उजवीकडे. "पिळ!" पुन्हा तेच. कोपर खाली, उजवा हात वरून.

दुसऱ्या राउंडला टॉवेल डाव्या खांद्यावर गेला. "इस्त्री!" पुतणी अंगावर धावली. पोरीने एक पाऊल बाजूला टाकलं आणि पुतणी दोरांवर जाऊन आदळली. संडासाकडून हशा उठला. तो हशा पहिल्या रांगेपर्यंत कधी पोचला नव्हता. शेठची मान लाल झाली.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती ऐकत होती. पुतणीच्याही आधी ऐकत होती, कारण पुतणीला शब्द आठवावा लागत होता आणि हिच्या अंगात तो लहानपणापासून मुरलेला होता. तो ज्या तोंडाने हिला हाणायला सांगत होता, त्याच तोंडाने हिला वाचवत होता.

दोन राउंडच्या मधल्या विश्रांतीत मास्तर मागे वाकून दात चावत म्हणाले, "बंद कर. एक शब्द काढू नकोस."

शहाण्या माणसाने काढला नसता. पण त्याचं डोकं आता ठिकाणावर नव्हतं. पोरीने सगळ्या हॉलसमोर त्याचा पोपट केला होता, त्याच्याच शब्दांनी. तिला धडा शिकवायचा, एवढंच त्याला दिसत होतं. तिसरा राउंड सुरू झाला, टॉवेल कुठेच नव्हता, आणि तो खुर्चीवरून उठून, शिरा ताणून ओरडत राहिला, "पिळ! पिळ तिला! इस्त्री!" पुतणी बिचारी ऐकू की नको करत मधेच थबके, आणि थबकली की मार खाई. मास्तर मागे वळून हात जोडत होते. तो थांबला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

रेफरीने निळ्या कोपऱ्याचा हात वर केला.

पुढचं फार भराभर झालं. हॉलबाहेरच्या बोळात जुन्या खेळाडूंनी त्याला भिंतीशी धरलं. "घरभेद्या!" एक जण म्हणाला. "मास्तर थांब म्हणतायत तरी पोरीला सांगतोय! लाज नाही वाटत?"

"मी तिला सांगत नव्हतो," तो म्हणाला. "मी तिला हरवत होतो! आईशप्पथ!"

शेठ आले. ओरडले नाहीत. "जॅकेट काढ," एवढंच म्हणाले. त्याने काढलं. आत घामाने भिजलेला बनियन होता. तेवढ्यात कुणीतरी रिकाम्या बाटल्यांची टोपली त्याच्या हातात कोंबली आणि म्हणालं, "घ्या, तुमच्या घराण्याचं काम." घर फिरलं की वासेही फिरतात. ज्यांच्यासाठी त्याने पोटची पोर विकली, त्यांना तो पोरीचा प्रेमळ बाप वाटला म्हणून त्यांनी त्याला हाकललं. यावर हसावं की रडावं ते ज्याचं त्याने ठरवावं.

टोपली खाली ठेवून तो बाहेर आला तर दारापुढे पुलापलीकडची माणसं उभी. तो बाजूने सटकणार, तोच त्यांच्यातल्या एका बस ड्रायव्हरने त्याला मिठीच मारली. "काका! बाप असावा तर असा! त्यांच्यात बसून, त्यांचं जॅकेट घालून, लेकीला वाट दाखवलीत! आम्हाला वाटलं होतं तुम्ही त्यांचे!" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या अंगावर घातला. कवायतीच्या बाईंनीसुद्धा हात पुढे केला. "पुढच्या वेळी आमच्या कोपऱ्यामागे बसा. मानाने."

त्याने तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं असं तो नंतर स्वतःला सांगायचा. पण ती सगळी तोंडं त्याच्याकडे बघत होती, आणि एकाही तोंडावर हसू नव्हतं, होता तो आदर. त्याने तोंड मिटलं.

पोरगी आईबरोबर बाहेर आली. डाव्या कुशीला बर्फाची पिशवी धरलेली. माणसांनी तिला वाट करून दिली आणि बापलेकीला बोलू द्यावं म्हणून जरा मागे सरली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी थेट बोलली, तेही अगदी हळू.

"माझ्या बरगडीचं मी बाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं, बाबा. नाहीतर त्यांनी खेळू दिलं नसतं. घरात आईला माहीत होतं आणि तुम्हाला."

बायकोने आधी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मग ती पायांतल्या चपलांकडे बघत राहिली.

"मी यांना सांगणार नाही," पोरगी म्हणाली. "बसा तुम्ही यांच्यात."

तिथल्या तिथे पाय धरावेत इतकी लाज त्याला वाटली. हे खरं आहे, आणि त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. कारण पुढच्या सामन्यांना तो बसलाच. पुलापलीकडचा क्लब ज्या गोदामात सामने भरवी तिथे, निळ्या कोपऱ्याच्या मागे, वेगळी ठेवलेली खुर्ची होती. तो आला तशी माणसं उठून उभी राहिली. ड्रायव्हरने जवळच्यांना मोठ्याने सांगितलं, "हेच ते काका." तळघरात त्या दिवशीही त्याला "ए" म्हणूनच हाक मारली होती. इथे एक म्हातारा त्याच्याशी हात मिळवायला काठी टेकत आला.

पोरीसमोर दुसऱ्या शहरातली, उंच हातांची एक मुलगी होती. दोन राउंड पोरगी सरस खेळली. तिसऱ्यात दमली, आणि तिचे हात हळूहळू खाली येऊ लागले. त्याने ते पाहिलं. समोरच्या मुलीने उजवा खांदा मागे घेतला, तेही पाहिलं. या वेळी त्याला ना शेठ दिसत होता, ना खुर्ची. छातीत होतं नव्हतं ते सगळं गोळा करून तो ओरडला.

"चादर!"

गोदामाचे पत्रे दणाणले. पोरीच्या मुठी सवयीने छातीपर्यंत वर आल्या. तिथे थांबल्या. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुन्हा खाली सोडले.

ठोसा सरळ तोंडावर बसला. ती गुडघ्यावर आली, आणि रेफरी आकडे मोजू लागला.

"ऐकू नाही गेलं वाटतं तिला," ड्रायव्हर त्याचा दंड हलवत म्हणाला. "काका, अजून जोरात!"